दार आपटल्याचा आळ

मी जर्मनीला गेलो तो उष्णतेच्या वहनावर संशोधन करायला, आणि परत आलो तो रशियन सणांचं पंचांग पाठ करून. यात जर्मनांचा काही दोष नाही. त्यांनी मला शिकवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. दोष खोलीचा.

साठ सालच्या आसपास एर्लांगेनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला खोली मिळणं म्हणजे दारोदार परीक्षा देत फिरणं होतं. प्रश्न एकच असायचा, "तुम्ही घरात स्वयंपाक करणार का?" हो म्हटलं, तर खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. नाही म्हटलं, तर मिळायची आणि पहिल्या फोडणीनंतर जायची. मोहरी आणि हिंगाच्या जोरावर मी अशा तीन खोल्या गमावल्या होत्या. चौथ्या दारात सत्तरीच्या, छडीसारख्या ताठ बाई उभ्या होत्या. त्यांनी स्वयंपाकाचं विचारलंच नाही.

"कांदा खाता?"

"खातो."

"रोज किती?"

"दोन. पाहुणा असला तर चार."

"सालं काय करता?"

मला वाटलं, ही कचऱ्याच्या नियमांबद्दलची चौकशी. जर्मनीत कचरा टाकायलाही शिस्त लागते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "लगेच टाकून देतो."

"टाकायची नाहीत. मला द्यायची. या आत."

बाई रशियन होत्या. क्रांतीनंतर तरुणपणी देश सुटला, मग दोन-तीन देश पालथे घालून युद्धाच्या शेवटी बव्हेरियात येऊन थांबल्या. ईस्टरची अंडी त्यांच्याकडे कांद्याच्या सालांत उकळून रंगवतात. चांगला विटकरी लाल रंग चढतो. त्यासाठी वर्षभर सालं साठवायची आणि एकट्या म्हातारीला किती कांदे लागणार? तेव्हा मला खोली मिळाली ती बुद्धिमत्तेवर नव्हे, सालांवर मिळाली. हिंगाचा वास त्या नाक मुरडून सोसायच्या.

रशियन लोक एकमेकांना हाक मारताना नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही जोडून घेतात. शाळेच्या हजेरीपासून मला ही पद्धत ओळखीची. पण बाईंचं ते जोडनाव माझ्या तोंडात शेवटपर्यंत नीट बसलं नाही. मी आपला 'बाई' म्हणू लागलो. आमचं बोलणं जर्मनमध्ये, त्यात हा एकच मराठी शब्द. "याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आदराचा शब्द आहे." "आल्झो, चालेल," त्या म्हणाल्या. त्या मला 'अहो' म्हणायच्या, म्हणजे त्याचं जे काही जर्मन रूप आहे ते.

घरात कॅलेंडरं दोन. एक विमा कंपनीने फुकट वाटलेलं जर्मन, दुसरं रशियन चर्चचं, तेरा दिवस मागे चालणारं. त्यामुळे नाताळ दोन आणि नवी वर्षंही दोन. जर्मनांचे फटाके वाजून गेल्यावर दोन आठवड्यांनी बाई पुन्हा टेबल मांडायच्या आणि त्या सणाला 'जुनं नवीन वर्ष' म्हणायच्या. अधिक मासाच्या देशातून आलेल्या माणसाने यावर हसू नये, मी हसलो. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणखी एक सण आला, त्याला घरभर बर्चच्या हिरव्या फांद्या लावतात. मी उत्साहाने काखोटीभर आणल्या. कुठून आणल्या, हे बाईंनी विचारलं नाही. विद्यापीठाच्या बागेच्या माळ्याने मात्र विचारलं.

बाईंची एक मैत्रीण होती. दोन गल्ल्या सोडून राहायची, जर्मन मुलांना पियानो शिकवायची. मी त्यांना मनातल्या मनात पियानोबाई म्हणत असे. दोघी एकाच नदीकाठच्या, एकाच गावच्या. तिथे असताना एकमेकींना कधी पाहिलंही नव्हतं. निर्वासितांच्या छावणीत सुपाच्या रांगेत उभ्या असताना हा शोध लागला. सगळ्या एर्लांगेनमध्ये त्यांच्याशी त्यांच्या भाषेत भांडणारं दुसरं कुणी नव्हतं. रोज दुपारी चारला पियानोबाई चहाला यायच्या आणि वाद सुरू व्हायचा. गावातल्या मोठ्या चर्चची घंटा किती वेळा वाजायची, बाजार नदीच्या अलीकडे की पलीकडे, असले प्रश्न. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावाची हद्द दोघी रोज नव्याने आखायच्या.

पियानोबाई देहाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस. आणि दार आपटायच्या. दार लागताना किती वाजतं, हा प्रश्न त्यांच्या मते दाराचा होता. दार आपटलं की खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या, टक टक टक. घराच्या नियमावलीत दुपारी शांतता पाळायचं कलम होतं आणि ते त्यांना तोंडपाठ होतं.

आता कुलिचबद्दल सांगायला हवं. कुलिच म्हणजे रशियन ईस्टरची गोड पावाची उंच ढेप. लोणी, अंडी, बेदाणे घालून भिजवलेलं पीठ आधी तासन् तास उबेला फुगवायचं. बाई भाजायच्या त्या अमेरिकन दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यांत. हे पीठ म्हणजे नवसाचं पोर. ते फुगत असताना घरात मोठ्याने बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, खिडकी उघडायची नाही, दार तर मुळीच आपटायचं नाही. पीठ खाली बसलं तर घराचं पुढचं वर्ष वाईट जातं. पहिल्या वर्षी सगळं नीट पार पडलं. मी मोज्यांवर चाललो, घशातला खोकला गिळला, आणि कुलिच पगडीसारखा डब्याच्या वर आला. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे मटकी होती.

आईने बोटीने पाठवलेल्या पार्सलात दोन डबे मटकी निघाली. माझ्याच संस्थेत एक नागपूरकर मित्र होता. त्याने ती पाहिली आणि त्याचे डोळे पाणावले.

"रविवारी उसळ," तो म्हणाला.

"मोड येत नाहीत रे इथे. गेल्या वेळी नुसती फुगली आणि आंबली."

"काहून येत नाहीत? उष्णतेवर डॉक्टरेट करतोस ना बे? मूठभर मटकीला ऊब देता येत नाही, आणि निघाला जर्मन लोकांच्या भट्ट्या सुधारायला. हे बघ, रविवारी उसळ झाली नाही तर मी शाकाहार सोडतो. पाप तुझ्या माथी."

जर्मनांचं ईस्टर आदल्या रविवारी उरकलं होतं. रशियन ईस्टरआधीचा गुरुवार आला. बाहेर एप्रिल होता, म्हणजे जर्मन एप्रिल. खिडकीत ठेवलं तर दूध गोठेल असा. साऱ्या घरात उबेची जागा एकच, स्वयंपाकघरातल्या चिनीमातीच्या उंच शेगडीचा कट्टा, जेमतेम एका भांड्यापुरता. त्यावर कुलिचचं पातेलं, पिसांच्या दुलईत गुंडाळलेलं. जेवणं झाल्यावर बाई टोपी घालून दही-चक्का आणायला निघाल्या. दारात कुजबुजल्या, "दीड तासात येते. मोजे घाला. गाणं म्हणू नका."

गाणं मी म्हटलं नाही. मी आकडेमोड केली. पीठ तीन तास उबेला आहे, एवढ्या वजनाचा गोळा, मातीचं जाड पातेलं. अर्धा तास बाजूला ठेवलं तर तापमान असं कितीसं उतरणार? दोन अंश? तीन? कागदावर सगळं चोख बसलं. मी पातेलं उचलून कोठीच्या खोलीतल्या दगडी फळीवर ठेवलं आणि कट्ट्यावर ओल्या फडक्यातली मटकी ठेवली. दुलई मटकीला गुंडाळली. आकडेमोडीत पातेल्याभोवती दुलई धरली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. कोठीची खिडकी बोटभर उघडी होती, तेही आलं नाही. मग शेगडीजवळ खुर्ची ओढून मी माझ्याच विषयावरचं एक जाडजूड पुस्तक उघडलं आणि अर्थातच झोपलो.

जागा झालो तो जिन्यात बाईंची काठी ऐकून. कोठीत धावलो, पातेलं उचललं, कट्ट्यावर ठेवताना कडेवर आदळलं, दुलई कशीबशी गुंडाळली. मटकीचं गाठोडं ठेवायला जागा उरली नाही, म्हणून स्वेटरच्या आत घातलं. बाई आत आल्या. त्यांच्यामागे पियानोबाई, बाहेरच्या कुठल्याशा विनोदावर अजून हसत. आणि त्यांच्यामागे दार.

धाड!

खालून झाडूचा दांडा. टक टक टक.

बाईंनी टोपीही न काढता दुलई उचलली. पातेल्यात त्या जाताना काठोकाठ आलेलं पीठ तळाशी जाऊन बसलं होतं, वरून सुरकुतलेलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग रशियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. मला त्यातलं 'दार' तेवढं कळलं. पियानोबाईंचं हसू थांबलं. त्या हात हलवून सांगू लागल्या की दार रोज असंच लागतं, आजवर काही झालं नाही. बाईंचा आवाज चढला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मला कळावं म्हणून जर्मनमध्ये विचारलं,

"तुम्ही इथे होतात. तुम्ही ऐकलंत ना?"

माझ्या स्वेटरखाली मटकीचं पाणी पोटावरून ओघळत विजारीत उतरत होतं. खोली डोळ्यांपुढे आली. पाचवं दार, पाचवा प्रश्न.

"ऐकलं," मी म्हणालो.

पाहा, यात शब्दभर खोटं नाही. आवाज झाला होता, तो मी ऐकला होता, विचारल्यावर ऐकला म्हणालो. इतकं स्वच्छ सत्य बोलण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला असेल. पियानोबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. जाताना दार त्यांनी उघडंच टाकलं.

कुलिच भाकरीपेक्षा थोडा जाड झाला. उसळ मात्र उत्तम झाली. मोड चांगले नखाएवढे आले होते.

"काय केलंस काय?" नागपूरकराने तिसऱ्यांदा वाढून घेत विचारलं. मी सांगितलं. "वाईट केलंस," तो म्हणाला, "पण रस्सा जमलाय."

मला वाटलं होतं, आठवड्याभरात मिटेल. माझा हाही अंदाज चुकला. पियानोबाई चारला येईनात. बाई पहिले काही दिवस दोन कप मांडायच्या, मग एक आत ठेवायच्या. पुढे तो दुसरा कप माझ्या वाट्याला आला. ज्या खुर्चीवरून एका माणसाला मी उठवलं होतं तिच्यावर बसून रोज चारला मला चहा प्यावा लागे आणि त्या गावच्या घंटेबद्दल ऐकावं लागे.

"सणाला बारा वेळा वाजायची," बाई म्हणायच्या.

"हो," मी म्हणायचो.

"काय हो? ती म्हणते, नऊ वेळा."

"नऊही असेल."

"तुम्हाला साधा वाद घालता येत नाही!" बाई कप आदळायच्या. "तुमच्या देशात शिकवतात तरी काय?"

उन्हाळ्यात, हिवाळ्यात, रोज ठरवायचो की आज सांगून टाकू. रोज खोली आठवायची, अर्धवट प्रबंध आठवायचा. डिसेंबरात बाई बर्फावरून घसरल्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं. "कुलिच बसला तेव्हाच मी ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर खारवलेल्या काकड्यांची बरणी दिसली, चिठ्ठी नाही. जिन्यात कुणाची चाहूल लागली नव्हती, खालचं दार वाजलं नव्हतं. बाईंनी बरणी माझ्याकडून उघडून घेतली, एक काकडी खाल्ली आणि म्हणाल्या, "मीठ जास्त. तिचं नेहमीच होतं." बरणी चार दिवसांत संपली. त्याच सुमाराला माझी हिंगाची डबी गायब झाली. मी नागपूरकरावर आळ घेतला. त्याने आईची शपथ घेतली. आम्ही आठवडाभर बोललो नाही. दुसऱ्यावर आळ घेण्यात माझा हात एव्हाना चांगला बसला होता.

मग लोणी-आठवडा आला. हा रशियन सण माणसाने जन्मात एकदा तरी भोगावा. मोठा उपास लागण्याआधी सात दिवस मांस बंद. पण लोणी, साय, अंडी यांचा महापूर, आणि रोज धिरड्यांसारखे पातळ गोल ब्लिनी. तिकडे जर्मनांचं सोंगांचं कार्निव्हल मंगळवारी संपलं, बुधवारपासून सारं गाव कपाळाला राख लावून गंभीर झालं. आमच्या स्वयंपाकघरात मात्र तवा चालूच. त्याच बुधवारी सासूने जावयाला बोलावून ब्लिनी खाऊ घालायची रीत. बाईंना मुलगी नाही, जावई नाही. ती जागा मला मिळाली. "दिवाळसण झाला तुझा," नागपूरकर म्हणाला. "लाज वाटते का?" वाटत होती. अठरा खाल्ले.

शनिवारी बाईंनी रविवारचं समजावलं. रविवार म्हणजे आठवड्याचा शेवट, क्षमेचा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाने प्रत्येकाला वाकून म्हणायचं, 'मला क्षमा करा.' समोरच्याने म्हणायचं, 'देव क्षमा करतो, मीही करतो,' आणि आपली मागायची. कुणीही कुणाला नाही म्हणायचं नाही.

"कशाबद्दल, ते सांगायचं?" मी विचारलं.

"छे! मागणाऱ्याने सांगायचं नाही, देणाऱ्याने विचारायचं नाही."

मी धावत नागपूरकराकडे. त्याने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे गुन्हा कबूल करायचा नाही आणि माफी मिळणार?"

"गेनाऊ. अगदी तसंच."

"कोणत्या वकिलाने काढला रे हा सण?"

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून बाईंसमोर उभा राहिलो आणि चक्क पायांशी वाकून नमस्कार केला. बाई हरखल्या. त्यांच्या आजीच्या वेळी लोक असं जमिनीपर्यंत वाकत. जर्मन लोकांची कंबर, त्या म्हणाल्या, खुर्चीच्या खाली जात नाही. "मला क्षमा करा," मी म्हणालो. "देव क्षमा करतो," त्या लगेच म्हणाल्या, "मीही करते." अकरा महिन्यांचं ओझं अर्ध्या मिनिटात उतरलं. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की पुढे काय झालं ते कळलंच नाही. बाई काठी भिंतीला टेकवून माझ्यासमोर वाकल्या होत्या.

"आणि मलाही क्षमा करा."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

"विचारायचं नसतं, म्हटलं ना."

मीही देवाला पुढे करून क्षमा केली. पण सकाळचा तो आनंद तिथेच जरा विरजला.

दरवर्षी या संध्याकाळी दोघी मैत्रिणी आगगाडीने न्यूर्नबर्गला रशियन प्रार्थनेला जायच्या. या वर्षी बाई गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. तिथे गाठ पडेल, ही भीती होती. आणि पडणार नाही, हीसुद्धा. त्याऐवजी त्यांनी लेसची कॉलर लावली, तीन जणांचं टेबल मांडलं, ब्लिनींची चळत रचली आणि खिडकीत बसल्या. चार वाजले. साडेचार वाजले.

"येणार नाही ती," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच जा की."

"मी? दार मी आपटलं?"

मी ब्लिनींची चळत उगाच सारखी केली.

पाच वाजले. सूर्य मावळला की उपास सुरू, मग सात आठवडे लोण्याला हात नाही. बाईंचं लक्ष खिडकीतून हलत नव्हतं. त्यांना नुसतं बसवेना, नुसतं उठवेना. मी म्हणालो, "जरा हवा खाऊन येतो."

"जाताच आहात तर ही बशी न्या," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "थंड झालेत. कुठेतरी टाकून द्या."

टाकून द्यायच्या ब्लिनींवर त्यांनी इस्त्रीचा रुमाल झाकला होता.

दोन गल्ल्या मी जवळजवळ पळत गेलो. पियानोबाईंनी दार उघडलं. त्यांनीही लेसची कॉलर लावली होती. मला आत घेतलं आणि मग दोन्ही हातांनी मूठ धरून, खांदा टेकवून, दार असं लावलं की खटकासुद्धा वाजला नाही. मला वाटलं, आत कुणी आजारी आहे. कुणीच नव्हतं.

मी बशी टेबलावर ठेवली, वाकलो आणि सकाळचीच युक्ती पुन्हा चालवली. "मला क्षमा करा."

"कशाबद्दल?"

"ते... विचारायचं नसतं म्हणे."

"ते आमच्यात. तुम्ही आमच्यातले कधी झालात?" त्यांनी हाताची घडी घातली. "सूट फक्त घरच्यांना. सांगा."

म्हणून सांगितलं. मटकी, मोड, नागपूरकर, कट्टा, दुलई, कोठीची खिडकी, स्वेटर. आणि 'ऐकलं'. जर्मनमध्ये मटकीला शब्द नाही. मला 'आमच्याकडचे छोटे वाल' असं म्हणावं लागलं, आणि त्यामुळे गुन्हा आणखीच क्षुल्लक वाटू लागला. आता त्या हसतील, असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या, पियानोकडे पाठ करून.

"म्हणजे मी नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"अकरा महिने मी दारं दोन्ही हातांनी लावते आहे. इथे एकटीच असते, तरी. ती पडली तेव्हा मला वाटलं, हे माझ्यामुळे. मुलं विचारतात, बाई, तुम्ही आता इतकं हळू का वाजवता?" त्यांनी आपल्या रुंद पंजांकडे पाहिलं. "मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली होती हो."

मी ब्लिनींची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

मग त्यांनी रुमाल उचलला, उभ्या उभ्या एक ब्लिनी तोंडात घातला आणि चावत म्हणाल्या, "मीठ कमी. तिचं नेहमीच असतं." आणि कोट घातला.

आमच्या दारात त्या दोघी समोरासमोर आल्या आणि एकाच वेळी वाकल्या. एकीची काठी दुसरीच्या पायात आली. दोघीही एकदमच क्षमा मागत होत्या, एकदमच करत होत्या, आणि कुणी आधी मागितली यावरून लगेच वाद सुरू झाला. मी तिथून हळूच माझ्या खोलीकडे सरकत होतो. पियानोबाईंनी माझ्या कॉलरला धरलं.

"आता याचं ऐक."

दुसऱ्यांदा सांगताना माझी जर्मन बरीच सुधारली होती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "सकाळी तुम्ही याचीच क्षमा मागितलीत?"

"हो."

"मला वाटलं, साध्यासुध्या पापांची असेल! पाणी सांडणं, दिवा चालू ठेवणं!" त्या मैत्रिणीकडे वळल्या. "दिलेली क्षमा परत घेता येते का?"

पियानोबाई म्हणाल्या, येत नाही. बाई म्हणाल्या, फसवून घेतली असेल तर आली पाहिजे. दोघी रशियनमध्ये शिरल्या आणि पाच मिनिटं माझ्या डोक्यावरून धर्मशास्त्र जोरजोरात इकडून तिकडे जात राहिलं. बाईंचे गाल लाल झाले होते. अकरा महिन्यांत मी त्यांना इतक्या आनंदात पाहिलं नव्हतं.

"खोली सोडू का?" मी मधेच विचारलं.

"खोली सोडून कुठे जाशील?" पहिल्यांदाच त्या मला अरे-तुरे करत होत्या. "आणि सालं कोण देईल मला? येत्या ईस्टरला पीठ फुगेपर्यंत तू त्या शेगडीसमोर बसायचं. पुस्तक न घेता." मग नजर चुकवून म्हणाल्या, "आणि तुझी ती वासाची डबी... ती मी नदीत टाकली. प्लास्टर होतं, डोकं दुखत होतं, सहन झालं नाही. पण तू सकाळीच क्षमा केली आहेस."

केली होती. परत घेता येत नव्हती, यावर नुकताच निकाल लागला होता. नागपूरकराची क्षमा मागायला मला दुसऱ्याच दिवशी जावं लागलं, आणि त्याने मात्र कशाबद्दल ते तीनदा वदवून घेतलं.

खिडकीबाहेर उजेड जेमतेम होता. उरलेले ब्लिनी तिघांनी घाईने संपवले, घंटा बारा वेळा की नऊ वेळा, हे ठरलं नाही, आणि पियानोबाई निघाल्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि सवयीने दोन्ही हात दाराच्या मुठीवर ठेवले. खांदा टेकवून त्या दार हळूहळू ओढू लागल्या.

"हे काय चालवलंयस?" बाई आतून ओरडल्या. "दार नीट लाव!"

पियानोबाई थांबल्या. एक हात सोडला. मग उरलेल्या पंजाने त्यांनी मूठ करकचून धरली.

धाड!

कपाटातली काचेची भांडी किणकिणली. भिंतीवरचं तेरा दिवस मागचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. खालून झाडूचा दांडा सुरू झाला, टक टक टक. बाई टेबलाशी डोळे मिटून बसल्या होत्या. जिन्यातली जड पावलं, रस्त्यावरचं दार, मग तेही, धाड.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हणालो.